आतड्यांचा दाह आणि मनावरील ताण

भय वाटले की पोटात गोळा येतो, वाईट वार्ता कानी पडली की पोटात धस्स होते, आणि एखाद्याविषयी जिव्हाळा असला म्हणजे पोटात माया असते. मन आणि पोट यांचे नाते मराठी भाषेने फार पूर्वीच मान्य केले आहे, आणि शरीरशास्त्राने या बाबतीत भाषेला खोटे ठरविलेले नाही. परीक्षेच्या दिवशी सकाळी विद्यार्थ्याला दोनदा शौचास जावे लागते, ही गोष्ट कोणत्याही घरात नवी नाही. परंतु या परिचित अनुभवामुळेच एका रोगाविषयी मोठा गैरसमज रूढ झाला आहे. आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाने ग्रस्त असलेल्या माणसाला त्याचे आप्त, शेजारी आणि क्वचित त्याचे वैद्यही एकच उपदेश करतात : ताण घेऊ नये. दिल्लीलगतच्या गुरुग्राममध्ये कामाचा ताण हा नित्याच्या बोलण्याचाच विषय असतो. तेथे हा उपदेश 'टेन्शन मत लो' अशा शब्दांत रुग्णाच्या कानी येतो. उपदेशामागील हेतू चांगला असतो. तथापि त्यात एक आरोपही दडलेला असतो. ताण घेतला म्हणून रोग जडला आणि ताण घेणे सोडले की तो जाईल, असा त्याचा अर्थ रुग्णाला लागतो. हे दोन्ही समज तपासून पाहण्याजोगे आहेत.

प्रथम रोगाविषयी. 'दाहक आंत्रविकार' या नावाखाली मुख्यतः दोन रोग येतात. पहिला व्रणयुक्त बृहदांत्रदाह, म्हणजेच अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात गुदाशयापासून वर मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला सूज येते, त्यावर व्रण पडतात, आणि रक्तमिश्रित जुलाब होतात. दुसरा क्रोनचा रोग. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गात कोठेही होऊ शकतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग हे त्याचे विशेष आवडते ठिकाण. या रोगात दाह अस्तरापुरता न राहता आतड्याच्या भिंतीच्या सर्व थरांत शिरतो, आणि त्यामुळे मार्ग अरुंद होणे, नाडीव्रण होणे असे उपद्रव उद्भवतात. दोन्ही रोगांत शरीराची प्रतिकारयंत्रणा आतड्यातील निरुपद्रवी जीवाणूंविरुद्ध, कारण नसताना, लढत राहते. दोन्ही बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतात आणि आयुष्यभर सोबत करतात. काही काळ रोग शांत राहतो, मग पुन्हा उसळतो. केवळ पोटात मुरडा येणे व शौचाची सवय बिघडणे असा जो 'इरिटेबल बॉवेल' नावाचा सौम्य व अतिशय सामान्य विकार आहे, त्यात आतड्याला व्रण पडत नाहीत. नावांच्या साधर्म्यामुळे या दोन गोष्टींची गल्लत होते, आणि पुढील बराचसा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

या रोगाचा वैद्यकीय इतिहासही एका आरोपानेच सुरू व्हावा, हा योगायोग चमत्कारिक आहे. १८५९ मध्ये लंडनमध्ये इझाबेला बँक्स नावाची स्त्री जुलाब व वांत्या होऊन मरण पावली. थॉमस स्मेटहर्स्ट या वैद्याने तिच्यावर विषप्रयोग केला, असा आरोप ठेवण्यात आला आणि त्याला मृत्युदंडाची शिक्षा झाली. गाय रुग्णालयातील सॅम्युएल विल्क्स यांनी त्या स्त्रीच्या आतड्यांची तपासणी करून त्यातील व्रणांचे वर्णन प्रसिद्ध केले. वैद्यकीय पुराव्याविषयी तीव्र वाद माजल्यावर ती शिक्षा रद्द झाली. 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' हे नाव विल्क्स यांच्या त्या लेखापासून रूढ झाले. पुढील काळातील तज्ज्ञांना मात्र त्यांचे वर्णन क्रोनच्या रोगाशी अधिक जुळणारे वाटते. क्रोनचा रोग १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ऑपनहायमर या तिघांनी प्रसिद्ध केला. लेखकांची नावे वर्णानुक्रमे छापली गेल्यामुळे रोग एकट्या क्रोन यांच्या नावावर लागला.

हा पाश्चात्त्यांचा रोग असून भारतात तो नाही, असे एके काळी समजले जात असे. १९८० च्या दशकात हरियाणात झालेल्या एका पाहणीत लाखामागे सुमारे ४३ माणसांना व्रणयुक्त बृहदांत्रदाह असल्याचे आढळले. १९९९ मध्ये लुधियानाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील अजित सूद व त्यांच्या सहकाऱ्यांनी पंजाबात सुमारे बावन्न हजार लोकांची घरोघर पाहणी केली, आणि तेथेही प्रमाण लाखामागे सुमारे ४४ असेच निघाले. म्हणजे गुरुग्राम ज्या राज्यात वसले आहे, तेथे हा रोग काचेच्या इमारतींबरोबर आलेला नाही. त्या उभ्या राहण्यापूर्वीही तो होता. इंग्लंडमधील लेस्टर येथे स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांत हा रोग स्थानिक गोऱ्या लोकांपेक्षाही अधिक होतो, असे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. स्थलांतराबरोबर काहीतरी बदलते. पण त्या 'काहीतरी'त आहार, लहानपणचे संसर्ग, प्रतिजैविके, आतड्यातील जीवाणू असे पुष्कळ घटक येतात. त्या सर्वांना बाजूस सारून एकट्या ताणावर बोट ठेवणे योग्य ठरत नाही.

तरीही वैद्यकाने दीर्घकाळ नेमके तेच केले. १९३० मध्ये सेसिल मरे यांनी या रोगाच्या काही रुग्णांच्या जीवनातील भावनिक संघर्षांचे वर्णन केले. १९५० मध्ये शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी मनोकायिक वैद्यकावरील आपल्या ग्रंथात सात रोगांची मुळे मनात असल्याचे प्रतिपादन केले. दमा, उच्च रक्तदाब व जठरव्रण यांच्या पंगतीत त्यांनी बृहदांत्रदाहालाही बसविले. पाठोपाठ या रुग्णांचा एक 'स्वभाव' ठरविला गेला. रुग्ण परावलंबी असतो, राग गिळणारा असतो, आईच्या मुठीत वाढलेला असतो, असे लिहिले जाऊ लागले. मुलाला रक्ती जुलाब होत आहेत आणि वैद्य आईच्या वर्तनाची चौकशी करीत आहे, असे प्रसंग त्या काळी अनेक कुटुंबांच्या वाट्याला आले असतील. १९९० मध्ये कॅरोल नॉर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरील शंभराहून अधिक लेख एकत्र करून त्यांची छाननी केली, तेव्हा आढळले की मानसिक कारणाच्या बाजूने साक्ष देणाऱ्या बहुतेक अभ्यासांची पद्धतच सदोष होती. तुलनेसाठी निरोगी माणसे घेतलेली नव्हती, निदान निश्चित नव्हते, आणि प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक होते. जे थोडे अभ्यास काटेकोर होते, त्यांत असा संबंध सापडला नाही.

याहून कठोर कसोटी डेन्मार्कमध्ये लागली. अपत्याचा मृत्यू याहून मोठा आघात माणसाच्या आयुष्यात क्वचितच असतो. त्या देशात प्रत्येक नागरिकाच्या जन्ममृत्यूच्या व रोगांच्या नोंदी ठेवलेल्या असल्यामुळे, ज्यांचे मूल दगावले अशा हजारो मातापित्यांचा पुढील अनेक वर्षांचा वृत्तांत तपासता आला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, त्यांना दाहक आंत्रविकार इतरांपेक्षा अधिक प्रमाणात झाल्याचे दिसले नाही. रुग्णाला दोष देणाऱ्या समजुतीला एवढे उत्तर पुरेसे आहे.

मग ताणाचा काहीच संबंध नाही काय? आहे, परंतु तो निराळ्या जागी आहे. रोग निर्माण होणे ही एक गोष्ट, आणि झालेला रोग उसळणे ही दुसरी.

मोठे आतडे मनाला किती तत्परतेने उत्तर देते, हे न्यूयॉर्कच्या थॉमस आल्मी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले होते. एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या गुदमार्गातून नळी घालून त्याचे आतडे न्याहाळीत असताना, त्याला कर्करोग झाल्याचे आढळले आहे, असे त्याच्या कानावर पडेल असे संभाषण घडवून आणले गेले. आतडे तत्काळ आवळले गेले. ही केवळ बतावणी होती, असे सांगताच ते सैल पडले. असा प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्याने दाखविलेली गोष्ट खोटी नाही.

यामागील यंत्रणा आज बरीचशी उलगडली आहे. संकटाची चाहूल लागताच मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस एक स्राव सोडतो. त्यामुळे पीयूषिका ग्रंथी जागी होते, आणि तिच्या आज्ञेने मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे द्रव्य रक्तात सोडतात. दुसरीकडे मज्जातंतूंच्या मार्गाने ॲड्रेनॅलिनचा संदेश सर्व शरीरभर जातो. आतड्याच्या भिंतीत स्वतःचे असे कोट्यवधी चेतापेशींचे जाळे असते. हे दोन्ही संदेश तेथे पोहोचतात. आतड्याची हालचाल बदलते. त्याच्या अस्तरातील पेशींमध्ये जे घट्ट सांधे असतात, ते काहीसे ढिले पडतात, आणि एरवी आतड्याच्या पोकळीतच राहणारे जीवाणूंचे अंश भिंतीत झिरपू लागतात. बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी विद्यार्थ्यांना लोकांसमोर भाषण करावयास लावले गेले. ज्यांच्या शरीरात त्या वेळी कॉर्टिसॉल वाढले, त्यांच्या लहान आतड्याची पारगम्यताही वाढल्याचे आढळले. निरोगी माणसात ही गळती थोड्या वेळात भरून येते व तिचा मागमूसही राहत नाही. ज्याची प्रतिकारयंत्रणा अगोदरच डिवचलेली आहे, त्याच्या बाबतीत मात्र विझत आलेल्या निखाऱ्यावर कोणी फुंकर घालावी, तसे होऊ शकते.

येथे एक कोडे उरते. कॉर्टिसॉल हे दाह शमविणारे द्रव्य आहे. १९५५ मध्ये ऑक्सफर्डचे ट्रूलव्ह आणि विट्स यांनी त्याच जातीचे कॉर्टिसोन देऊन बृहदांत्रदाहाच्या रुग्णांचे प्राण वाचतात हे सिद्ध केले, आणि आजही तीव्र उद्रेकात स्टेरॉइड हेच पहिले औषध असते. मग ताणाने वाढलेले कॉर्टिसॉल अपाय कसा करते? २०२३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून याचे एक संभाव्य उत्तर पुढे आले. हे द्रव्य थोडा काळ वाढले तर दाह दबतो. दीर्घकाळ वाढलेले राहिले, तर आतड्यातील चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींचे रूप पालटते, आणि त्या दाह वाढविणाऱ्या श्वेतपेशींना बोलावून घेऊ लागतात. शिवाय नवीन चेतापेशी पुरत्या पक्व होत नाहीत, त्यामुळे आतड्याची हालचालही बिघडते. उंदरांत जे घडले, ते माणसांत तसेच घडेल असे गृहीत धरता येत नाही. तथापि अल्पकाळचा ताण आणि रोजचा, न संपणारा ताण यांतील जो भेद या प्रयोगात दिसला, तोच माणसांच्या पाहणीतही यापूर्वी आढळला होता, हे विशेष.

ती पाहणी रोमची. तेथे ज्यांचा बृहदांत्रदाह शांत अवस्थेत होता, अशा ६२ रुग्णांच्या प्रकृतीवर काही वर्षे लक्ष ठेवण्यात आले. तिचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. गेल्या महिन्याभरातील ताण किंवा एखादी दुर्घटना यांचा उद्रेकाशी संबंध दिसला नाही. ज्यांना मागील दोन वर्षे सतत ओझ्याखाली गेल्यासारखी वाटत होती, त्यांच्यात मात्र रोग उलटण्याचा संभव सुमारे तिप्पट निघाला. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात सुमारे सातशे रुग्णांना वर्षभर दर तीन महिन्यांनी प्रश्नावली पाठविण्यात आली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत संसर्ग, प्रतिजैविके, वेदनाशामके अशा ज्या गोष्टींचा संशय होता, त्या सर्वांत रुग्णाला जाणवणारा ताण हाच उद्रेकाशी निगडित असल्याचे दिसले.

परंतु 'उद्रेक' म्हणजे काय? रुग्ण सांगतो ती लक्षणे, की आतड्यातील प्रत्यक्ष दाह? मलातील कॅलप्रोटेक्टिन नावाचे प्रथिन मोजले असता दाहाचा अंदाज करता येतो. त्याच मॅनिटोबातील संशोधकांनी २०१७ मध्ये हे मापन जोडून पाहिले, तेव्हा ताणाने लक्षणे वाढतात आणि लक्षणांनी ताण वाढतो, हे दोन्ही बाजूंनी स्पष्ट झाले. दाहाशी मात्र ताणाचा तसा संबंध मिळाला नाही. या विरोधाभासाने गोंधळून जाण्याचे कारण नाही. पोटात कळ येणे, वारंवार धावावे लागणे यांपैकी काही भाग प्रत्यक्ष व्रणांचा असतो, आणि काही भाग हुळहुळ्या झालेल्या मज्जातंतूंचा. रुग्णाचे दुःख दोन्ही बाबतींत खरेच असते. औषध मात्र एक नसते; म्हणून त्रास वाढला की 'ताणामुळे असेल' असे म्हणून घरी बसणे जितके धोक्याचे, तितकेच तपासणीवाचून स्टेरॉइडची मात्रा वाढविणेही धोक्याचे आहे.

जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. त्यांना किशोरवयापासून व्रणयुक्त बृहदांत्रदाह होता. २००७ मध्ये वर्षभरातच त्यांनी पद सोडले, आणि त्यामागे हा रोग होता हे नंतर जगाला कळले. पुढे नवीन औषधाने प्रकृती सुधारल्यावर २०१२ च्या अखेरीस ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि सुमारे पावणेआठ वर्षे त्या पदावर राहिले. २०२० मध्ये रोग उलटल्यामुळे त्यांनी राजीनामा दिला. पद तेच, त्याचा भार तोच. एकदा तो एक वर्ष पेलला, दुसऱ्यांदा जवळजवळ आठ वर्षे. हा फरक केवळ मनोधैर्याने पडला असे मानण्यास आधार नाही. मधल्या काळात हाती आलेल्या औषधाचा वाटा त्यात मोठा होता.

आतापर्यंत मनाकडून आतड्याकडे जाणारा मार्ग पाहिला. उलट दिशेचा मार्ग याहून रुंद आहे, आणि त्याच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. २०२१ मध्ये अनेक देशांतील अभ्यासांचा जो एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यानुसार दाहक आंत्रविकाराच्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांत चिंतेची आणि सुमारे एक चतुर्थांश लोकांत विषण्णतेची लक्षणे असतात. रोग उसळलेला असताना निम्म्याहून अधिक रुग्ण चिंताग्रस्त असतात. दाहातून निर्माण होणारी रासायनिक द्रव्ये मेंदूवर परिणाम करतात, हे याचे एक कारण. दुसरे अगदी व्यावहारिक आहे, आणि ते समजून घेण्यास गुरुग्रामसारखे दुसरे ठिकाण नाही.

चाळीस वर्षांपूर्वी गुडगाव हे हरियाणातील जिल्ह्याचे एक साधे गाव होते. डिसेंबर १९८३ मध्ये तेथील कारखान्यातून मारुतीची पहिली मोटार बाहेर पडली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून परदेशी कंपन्यांची कार्यालये व कॉल सेंटरे आली. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या पंधरा लाखांवर गेली. आणि २०१६ मध्ये नाव बदलून गुरुग्राम झाले. कार्यालये एकीकडे, घरे दुसरीकडे, आणि मध्ये राष्ट्रीय महामार्ग अशी या शहराची रचना आहे. २८ जुलै २०१६ रोजी संध्याकाळी मुसळधार पाऊस पडला, हिरो होंडा चौकात पाणी साचले, आणि महामार्गावरील वाहतूक जी थांबली ती दुसऱ्या दिवसापर्यंत सुरळीत झाली नाही. हजारो माणसे रात्रभर मोटारीत अडकून पडली. इतरांच्या दृष्टीने ती एक त्रासदायक रात्र होती. ज्याला शौचाची भावना झाल्यावर दोन-तीन मिनिटांचीही उसंत मिळत नाही, त्याच्या दृष्टीने मात्र अशी रात्र म्हणजे घरातून पाऊल बाहेर टाकण्याचीच भीती बसविणारी घटना होय.

तेवढा पाऊस रोज पडत नाही, पण प्रवास रोज करावा लागतो. जून २०१० पासून मेट्रो गुडगावपर्यंत धावू लागली. तिच्या डब्यांत शौचालय नसते, आणि तेथून दिल्लीच्या मध्यभागी पोहोचण्यास पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो. मुंबईच्या लोकलने जाणाऱ्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. अशा प्रवासासाठी हा रुग्ण आपला स्वतंत्र नकाशा तयार करतो. कोणत्या स्थानकावर शौचालय आहे, कोणत्या पेट्रोलपंपावरचे कुलूपबंद असते, कोणत्या मॉलचा पहारेकरी हटकत नाही, हे सर्व त्याला पाठ असते. सकाळी निघण्यापूर्वी तो काही खात नाही, पाणीही बेताचेच पितो. स्त्रियांची अडचण दुहेरी असते. सार्वजनिक जागी स्त्रियांसाठी पुरेशी मुताऱ्या-शौचालये नाहीत, म्हणून मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' ही चळवळ चालली. निरोगी स्त्रियांसाठी जी सोय अपुरी आहे, ती या रुग्णांना कशी पुरणार?

कार्यालयात पोहोचल्यावर चिंता संपत नाही. अमेरिकेतील ग्राहकाची सकाळ ही येथील रात्र. तेव्हा अनेक तरुण रात्रपाळी करतात. दूरध्वनीवर काम करणाऱ्याचा जागेवरून उठण्याचा प्रत्येक क्षण संगणकात नोंदला जातो. मानेसर येथील मोटार कारखान्यातील कामगारांनी २०११ मध्ये जी गाऱ्हाणी मांडली, त्यांत चहाची सुट्टी सात-साडेसात मिनिटांची असते आणि तेवढ्यातच शौचालयही उरकावे लागते, हे एक गाऱ्हाणे होते. जर्मनीत विविध व्यवसायांतील कामगारांच्या नोंदी तपासून सोनेनबर्ग यांनी १९९० मध्ये असे दाखविले की, उघड्यावर शारीरिक श्रम करणाऱ्यांत दाहक आंत्रविकार कमी, आणि वातानुकूलित जागेत वा अनियमित पाळ्यांत काम करणाऱ्यांत अधिक आढळतो. अशा आकड्यांवरून कारण सिद्ध होत नाही. आजारी माणूस उन्हातले कष्टाचे काम सोडून बैठे काम शोधतो, हेही त्यामागे असू शकेल. परंतु रात्रपाळीने झोप मोडते, जेवणाच्या वेळा चुकतात आणि औषधाच्या वेळाही चुकतात, एवढे सांगण्यासाठी आकड्यांची जरुरी नाही.

यात भर पडते ती लपवालपवीची. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, असे माणूस चारचौघांत सांगतो. शौचाच्या रोगाचे नाव काढण्यास जीभ रेटत नाही. वरिष्ठाला 'पोट बिघडले आहे' असे दर आठवड्याला सांगणारा कर्मचारी कामचुकार ठरतो. लग्न ठरावयाचे असेल तर घरातील माणसेच तोंड बंद ठेवण्यास बजावतात, आणि मग लग्नानंतर गोळ्या लपवून घ्याव्या लागतात. स्टेरॉइडमुळे चेहरा सुजून गोल होतो, तेव्हा तेही लपत नाही. भारतात आणखी एक अडचण अशी की, आतड्याचा क्षय आणि क्रोनचा रोग हे दोन्ही दिसण्यास फार सारखे असतात. त्यामुळे अनेक रुग्णांना आधी काही महिने क्षयाची औषधे देऊन पाहावी लागतात. आपल्याला नेमके काय झाले आहे हेच ठाऊक नसताना काढलेले ते महिने रोगाइतकेच थकविणारे असतात. महागड्या नव्या औषधांचा खर्च ही तर प्रत्येक घराची निराळी कहाणी.

तेव्हा रुग्णाने 'घेतलेला' म्हणून ज्या ताणाची चर्चा होते, त्याचा मोठा भाग त्याने घेतलेला नसून त्याला दिलेला असतो. त्यातील काही भाग शौचालयाच्या अंतराइतका मोजता येण्याजोगा आहे. मार्च २०२० नंतर कार्यालये बंद होऊन कामे घरून होऊ लागली, तेव्हा या एका बाबतीत अशा रुग्णांचा मार्ग सुकर झाला. त्यासाठी कोणालाही मन खंबीर करावे लागले नाही.

जो भाग खरोखर मनाचा आहे, त्यावर काय करता येते? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शंभर रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना औषधांच्या जोडीस आठ आठवडे योगासने, प्राणायाम व ध्यान शिकविण्यात आले. बृहदांत्रदाहाच्या रुग्णांत चिंता कमी झाली, पोटातील कळा व सांधेदुखी यांच्या तक्रारी घटल्या. रक्तातील दाहाच्या खुणांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. हा निष्कर्ष जसाच्या तसा ध्यानात ठेवावा, कारण त्याचे दोन्ही भाग उपयोगी आहेत. ज्याची चिंता कमी झाली, ज्याला रात्री झोप लागली, त्याचे जगणे सुधारले. ही सुधारणा थोडी नव्हे. पण योगाने बरे वाटू लागले म्हणून गोळ्या बंद करणाऱ्याचे आतडे आतून तसेच धुमसत असू शकते. शिकागोत दोन वर्षे चाललेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शांत अवस्थेत औषध नेमाने न घेणाऱ्यांत रोग उलटण्याचा संभव, नेमाने घेणाऱ्यांच्या पाचपटींहून अधिक होता. ताणाने डोके दुखते म्हणून दुकानातून आणलेली काही वेदनाशामकेही काही रुग्णांत रोगाला चिथावणी देतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. चिंता वा विषण्णता दीर्घकाळ टिकली, तर तिच्यावर स्वतंत्र उपचार करून घ्यावा. तो पोटाच्या उपचाराचाच एक भाग समजावा, त्यात कमीपणा नाही.

उरलेला भाग व्यवस्थेचा आहे, आणि तो रुग्णाच्या हाती नाही. चिकित्सकाने 'दिवसातून किती वेळा जावे लागते' याबरोबरच 'कामावर जाताना वाटेत काय सोय आहे' हेही विचारावे, वरिष्ठास दाखविण्यासाठी रोगाचे नाव असलेले पत्र द्यावे, आणि पाळी नेमताना त्याचा विचार होईल असे पाहावे, इतके तर आजही शक्य आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात क्रोनचा रोग असलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलीला दुकानदाराने कर्मचाऱ्यांचे शौचालय वापरू दिले नाही. तिने व तिच्या आईने तो प्रश्न लोकप्रतिनिधींपर्यंत नेला, आणि २००५ मध्ये तेथे कायदा झाला : असा रोग असल्याचा दाखला दाखविणाऱ्यास, दुकानात सार्वजनिक शौचालय नसले तरी, कर्मचाऱ्यांचे शौचालय वापरू द्यावे लागते. पुढे इतर अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. भारतात २०१६ मध्ये झालेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्यात २१ प्रकारच्या अवस्था गणल्या आहेत. त्यात रक्ताचे तीन रोग आहेत, मज्जासंस्थेचेही आहेत. दाहक आंत्रविकार नाही.